पांढऱ्या करकोच्याची साक्ष

फार फार वर्षांपूर्वी, उत्तरेला बर्फाच्या डोंगरांखाली एक शहर होतं. त्याचं नाव विचारू नका. मला ज्यांनी गोष्ट सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. वेशीला लागूनच मोठं तळं होतं. थंडी पडली की डोंगरांपलीकडून तिथं पाखरं उतरायची. चक्रवाक यायचे, राजहंस यायचे, बदकांचे तर थवेच्या थवे.

त्या शहराची एक रीत होती. नवं पाखरू दिसलं की राणीच्या चौकात जाऊन सांगायचं. पण एकट्याचं सांगणं चालत नसे. दुसऱ्या घरचा साक्षीदार लागे आणि दोघांना वेगवेगळं विचारलं जाई. दोघांचं जुळलं की नगारा वाजे. लोक म्हणत, "एकानं पाहिलं ते स्वप्न, दोघांनी पाहिलं ते पाखरू."

सर्वांत मोठा मान पांढऱ्या करकोच्याचा. तो ज्या तळ्यात उतरेल, त्या तळ्याला कुदळ लावायची नाही, असा नियमच होता. पण कितीतरी हिवाळे तो फिरकलाच नव्हता. मग कारभाऱ्यानं राणीच्या मागे टुमणं लावलं, "तळं आटवू या, घोडे पळवायला छान मैदान होईल."

राणी म्हणाली, "संक्रांतीपर्यंत थांबा. करकोचा आला तर तळं राहील. नाही आला, तर करा मैदान."

हे ऐकून दोघं रोज आभाळाकडे डोळे लावून बसू लागले. एक होता परीट, दुसरा शिंगाडेवाला. एक काठावर कपडे धुवायचा, दुसरा होडीतून शिंगाडे काढायचा. तळं गेलं की दोघांच्याही चुली थंड. पण दोघांमध्ये सख्य म्हणाल तर विळ्याभोपळ्याचं! कधीकाळी परटाच्या गाढवानं शिंगाडेवाल्याचे टोपलीभर शिंगाडे खाल्ले, तेव्हापासून बोलणं बंद. अगदीच अडलं तर गाढवाला सांगायचं.

"गाढवोबा, मालकाला म्हणावं, पाणी गढूळ करू नका."

"गाढवोबा, सांगा त्याला, तळं काही त्याच्या बापाचं नाही."

गाढव बिचारं नुसते कान हलवायचं. तिघांत तेच शहाणं, असं माझं मत आहे.

संक्रांतीची सकाळ उजाडली ती दाट धुक्याची. तळ्यावर हे दोघेच होते. आणि धुक्यातून तो उतरला. पांढराशुभ्र, तोंड लाल, पंखांची टोकं काळी. उथळ पाण्यात उभा राहून तो चिखलातले कंद उकरू लागला. बराच वेळ रमला आणि मग लव्हाळ्यात शिरला.

दोघांचेही डोळे भरून आले. आता काय करायचं होतं? जोडीनं चौकात जायचं होतं, एवढंच. पण छे! दोघांच्याही मनात एकच, 'याला साक्षीला घेऊ? मेलो तरी नाही!' परटानं घरी जाऊन मेहुण्याला गोधडीतून ओढून काढलं. शिंगाडेवाल्यानं आपला व्याही गाठला. वाटेत दोघांनी आपापल्या साक्षीदाराला भरभर पढवलं.

चौकात दोन्ही जोड्या समोरासमोर आल्या.

"तळ्यावर आणखी कोण होतं?" राणीनं विचारलं.

"कुणी नव्हतं, राणीसाहेब," परीट म्हणाला.

"कुणीच नव्हतं," शिंगाडेवालाही म्हणाला.

राणीनं मेहुण्याला एकट्याला पुढे बोलावलं. "करकोच्याचे पाय कसे होते रे?"

"पाय? दोन होते, सरकार!"

"आणि पंख?"

"हिरवे. म्हणजे… हिरवेच असणार."

व्याह्यानं तर कमाल केली. त्यानं करकोचा आंब्याच्या झाडावर बसवला आणि त्याच्याकडून गोड गाणंही म्हणवून घेतलं. चौकात हशा पिकला.

कारभाऱ्यानं हात चोळले. "चारही खोटे! उद्याच कुदळी पाठवतो."

परटाच्या पायांखालची वाळू सरकली. आपल्या हातानं आपण तळं बुडवलं, हे त्याला तेव्हा कळलं. तो पुढे आला. "राणीसाहेब, चुकलो. मेहुणा नव्हता. हा होता." आणि त्यानं शिंगाडेवाल्याकडे बोट केलं.

"होतो," शिंगाडेवाला खालच्या मानेनं म्हणाला. "आणि हाही होता. माझ्याआधी त्यानंच पाहिला."

"आता संगनमत करतायत!" कारभारी ओरडला.

"थांबा जरा," राणी म्हणाली. तिनं दोघांना वेगवेगळ्या दालनांत बसवलं आणि पाखराबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, "तू काय करत होतास आणि तो काय करत होता?"

परीट म्हणाला, "मी आपटायला चादर वर उचलली होती, तशीच धरून राहिलो. होडी ढकलायचा त्याचा बांबू चिखलात रुतला होता. उपसला असता तर आवाज झाला असता. होडी पायाखालून सरकत गेली, हा कमरेपर्यंत पाण्यात गेला, पण हूं की चूं केलं नाही."

शिंगाडेवाला म्हणाला, "माझा बांबू रुतला आणि मी पाण्यात. पण माझं सोडा. त्याच्या डोक्यावर ओली चादर, गार पाणी अंगावर निथळतंय, हात लटपटतायत. तरी आपटली नाही हो त्यानं. पाखरू उडेल म्हणून."

राणीनं दोघांना समोर उभं केलं. "अरे, एवढ्या धुक्यात तुम्हाला पांढरं पाखरू दिसलं आणि समोरचा माणूस दिसला नाही?"

मग नगारा असा वाजला, की लव्हाळ्यापर्यंत ऐकू गेला असेल. कारभाऱ्यानं कुदळी कोठारातच ठेवल्या. मेहुणा आणि व्याही यांना शिक्षा झाली, की हिवाळाभर रोज पहाटे काठावर बसून खरी पाखरं पाहायची.

परत जाताना शिंगाडेवाला म्हणाला, "धोतर ओलंच आहे रे तुझं. ताप येईल."

"तुझं काय सुकलंय?" परीट म्हणाला. "चल घरी, आधी शेक घे."

म्हणून सांगतो बाळांनो, आणि थोरांनो तुम्हालाही: शेजाऱ्याला नाकारून सांगायला गेलात, तर तुमचं खरंसुद्धा खोटं ठरतं.