दिवे लागायच्या आत ओव्याचं पान

द्वारकाआत्याच्या परसात डबेच डबे. तेलाच्या डब्यात कोरफड. रंगाच्या डब्यात तुळस. फुटक्या बादलीत अडुळसा. आणि कट्ट्याखालच्या डब्यात पानओवा. गुबगुबीत पानांचा, घमघमीत वासाचा! कुणाला खोकला झाला, कुणाचं पोट दुखलं, की आत्या म्हणायची, "चला परसात!"

कोरफडीच्या डब्यामागे एक बीळ. बिळात कोण? टिकली! इवलीशी उंदरी. कपाळावर काळा ठिपका, म्हणून टिकली.

टिकलीचा भाऊ गोटू. टिकलीहूनही इवला. त्याला झाला खोकला. खुक् खुक्! खुक् खुक्! दूध पिईना. डोळा लागेना. आईच्या कुशीत नुसता खुक् खुक्!

आई म्हणाली, "टिकले, ओव्याचं पान आण. गरम करू, रस काढू, गोटूला चाटवू. पण दिवे लागायच्या आत ये हं. दिवे लागले की झाडं झोपतात. झोपलेल्या झाडाचं पान तोडायचं नसतं."

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु. ओव्यानं लगेच पान दिलं. पानावर होती धूळ. टिकली म्हणाली, "धुऊन नेते. आई शाबास म्हणेल!"

आणि धुवायला गेली कुठं? मोरीवर! पाणी आलं भस्सकन्. पान गेलं सुर्रकन्. अगं अगं अगं! गेलं की गं पान!

बिळातून आवाज आला, खुक् खुक्! टिकली पळाली परत ओव्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ओवादादा, ओवादादा, अजून एक पान दे!
गोटूचा खोकला राहीना!"

ओव्यानं मान टाकली होती. "देईन की गं. पण बघ ना मला! सकाळपासून पाणी नाही. रसाचं एकच पान होतं, ते तुला दिलं. आता पानात रसच नाही. आधी झारीला सांग. झारी पाणी देईल, मग मी पान देईन."

ऊन अंगणात होतं. ते सरकलं भिंतीवर.

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु. कट्ट्यावर झारी कललेली. पोटात पाणी, तोटी खाली, बरोब्बर ओव्याच्या डोक्यावर. पण थेंब गळेल तर शपथ!

"झारीबाई, झारीबाई, पाणी दे!
ओवा पान देईना,
गोटूचा खोकला राहीना!"

झारी म्हणाली, "देईन की! पण तोटीत काडी अडकलीय माझ्या. घशात काडी, पाणी कसं सोडू? आधी बुलबुलला सांग. ती काडी काढेल, मग मी पाणी देईन."

टिकलीनं काडी ओढली. हुंऽऽ! हलेना. दातांनी ओढली. हुंऽऽऽ! मुळीच हलेना. ऊन चढलं खिडकीवर.

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु. कपड्यांच्या तारेवर बुलबुल. तुरा फुगवून बसलेली.

"बुलबुलताई, बुलबुलताई, काडी काढ!
झारी पाणी देईना,
ओवा पान देईना,
गोटूचा खोकला राहीना!"

बुलबुल म्हणाली, "काढीन की! पण उपाशीपोटी? जमायचं नाही बाई. आधी लाल लाल तोंडलं आण. मी तोंडलं खाईन, मग काडी काढीन."

"अगं, दिवे लागतील ना!"

"मग पळ की!"

बिळातून आवाज आला, खुक् खुक् खुक्! ऊन चढलं कौलांवर. टिकलीचा जीव नुसता खालीवर.

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु. खांबावर तोंडलीचा वेल. वर लाल लाल तोंडली. खाली शेळी. वेलाचा शेंडा शेळीच्या तोंडात. खच्च, खच्च!

"वेलदादा, वेलदादा, तोंडलं दे!
बुलबुल काडी काढीना,
झारी पाणी देईना,
ओवा पान देईना,
गोटूचा खोकला राहीना!"

वेल म्हणाला, "आई गं! देईन की! पण ही बया ओढतेय ना मला! आधी शेळीला हटव. शेळी हटेल, मग मी तोंडलं देईन."

टिकली वळली. शेळी केवढी! टिकली केवढी! तरी म्हणालीच,

"शेळीमावशी, शेळीमावशी, बाजूला हो!
वेल तोंडलं देईना,
बुलबुल काडी काढीना,
झारी पाणी देईना,
ओवा पान देईना,
गोटूचा खोकला राहीना!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! होईन की! पण जाऊ कुठं? माझं दावं खांबाला गुरफटलंय. समोर वेल, म्हणून खातेय. आधी आत्याला सांग. आत्या दावं सोडेल, मग मी बाजूला होईन."

ऊन चढलं नारळावर. खाली सावली झाली.

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु. बाजेवर द्वारकाआत्या. डोक्याला फडकं गच्च बांधून आडवी.

"आत्या, आत्या, दावं सोड!
शेळी बाजूला होईना,
वेल तोंडलं देईना,
बुलबुल काडी काढीना,
झारी पाणी देईना,
ओवा पान देईना,
गोटूचा खोकला राहीना!"

आत्यानं एक डोळा उघडला. "सोडीन की गं बाळा. पण डोकं कसं ठणकतंय! सकाळपासून उठवत नाही. झाडांना पाणी नाही, शेळीकडे बघितलं नाही. गवती चहाची एक पात दिलीस, तर वास घेईन. मग उठेन."

आता गवती चहा! टिकलीला रडूच फुटलं. "तो पण म्हणेल, आधी हे आण! तो पण म्हणेल, आधी ते आण!"

खुक् खुक् खुक् खुक्! गोटू तर थांबेचना. टिकलीनं डोळे पुसले आणि पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

मोरीच्या कडेला गवती चहाचं हे मोठं बेट! लांब लांब पाती. सळसळ, सळसळ.

"गवती चहा, गवती चहा, पात दे!
आत्या दावं सोडीना,
शेळी बाजूला होईना,
वेल तोंडलं देईना,
बुलबुल काडी काढीना,
झारी पाणी देईना,
ओवा पान देईना,
गोटूचा खोकला राहीना!"

टिकलीनं डोळे घट्ट मिटले. आता म्हणेल, आधी हे आण!

गवती चहा म्हणाला, "घे की!"

"आँ?"

"घे घे! मोरीचं पाणी पिऊन पिऊन मी नुसता माजलोय. मला काय कमी? पण हळू हं, पातीला धार असते. बोट कापेल."

टिकलीनं पात तोडली. हळू, हळू. आणि मग जी धूम ठोकली!

आत्यानं पात चुरगळली. वास घेतला. हूंऽऽऽ! "वा! बरं वाटलं गं!" फडकं सोडलं. आत्या उठली.

आत्यानं दावं सोडलं. शेळी बाजूला झाली. बेंऽऽ! वेलानं तोंडलं दिलं. टप्! टिकलीनं ते बुलबुलला दिलं. बुलबुलनं तोंडलं खाल्लं. मटामटा! बुलबुलनं काडी काढली. टुक्! झारीनं पाणी दिलं. झुळुझुळु, झुळुझुळु. ओवा पाणी पिऊ लागला. गट् गट् गट्!

टिकलीनं पानाला हात लावला, आणि...

टिक्! आत्यानं परसातला दिवा लावला.

दिवे लागले. टिकलीनं हात मागे घेतला. नारळावरचं ऊन गेलं होतं. तुळस गप्प. कोरफड गप्प. अडुळसा गप्प. सगळी झाडं झोपली.

बिळातून आवाज आला, खुक् खुक्! आता बारीक झाला होता. गोटू अगदी दमला होता.

टिकली डब्यापाशी बसली. नाक ओढलं. मुसमुस, मुसमुस. "एवढी पळाले, एवढी पळाले, आणि झाड झोपलं! माझं चुकलं. मीच पान वाहू दिलं. आता गोटूचं कसं होणार?"

"कोण गं ते रडतंय?" डब्यातून आवाज आला.

टिकलीनं वर बघितलं. "ओवादादा? तू झोपला नाहीस?"

"घसा कोरडा पडल्यावर झोप लागते का गं वेडे? दुपारपासून टक्क जागा आहे मी. आत्ता कुठं पोटभर प्यायलो. घे बघू पान. हे नको, ते घे, ते रसरशीत आहे. आणि धुवायचं तर इथंच धू. मोरीवर जाशील तर याद राख!"

टिकली रडता रडता हसली. तिनं पान धुतलं. छातीशी गच्च धरलं. पाठीमागे ओव्यानं एवढी मोठी जांभई दिली आणि पानं मिटली.

आत्या चुलीवर गवती चहा उकळत होती. चुलीशेजारची वीट होती गरम. टिकलीची आई गोटूला आणि पान घेऊन आली. आत्या म्हणाली, "ये गं ये. केव्हाचं खोकतंय तुझं लेकरू! ऐकून मलाच कसंतरी होत होतं."

आईनं पान विटेवर ठेवलं. चुर्र चुर्र! पान मऊ झालं. आईनं पान पिळलं. टिप् टिप्! रस गोटूच्या जिभेवर.

गोटूनं तोंड वाकडं केलं. ईऽऽऽ! पण गिळला.

टिकली कान लावून बसली. खुक्? नाही. पुन्हा कान लावला. खुक्? छे, नाही. गोटूनं दूध प्यायलं. चुटुचुटु, चुटुचुटु. मग डोळे मिटले.

"आई, झोपला?"

"झोपला."

"नक्की?"

"नक्की गं बाई."

टिकलीनं गोटूच्या पोटावर कान ठेवला. पोट वर, पोट खाली. वर, खाली. खुक् नाही की काही नाही. टिकलीचे पाय पळून पळून दुखत होते. आई ते चेपत बसली. टिकलीनं गोटूची इवली शेपटी मुठीत धरली, आणि मगच डोळे मिटले.

खोकला गेला वाऱ्यावर, गोष्ट आली पापणीवर. मिटा बघू तुम्ही पण!