चोवीस दिव्यांची ओळ

"मग आता मला शिष्य करायचा अधिकार मिळणार की नाही, आक्का?"

विचारणारे विश्वंभर टोणगे, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे. मठीत येऊन त्यांना जेमतेम तीन महिने झाले होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

आक्का या मठीच्या गुरू, ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांनी पूर्ण अंध. मी त्यांच्याजवळच बसलो होतो.

विश्वंभरांनी समोर एका लांब फळीवर चोवीस छोटी सर्किटं ओळीने बसवली होती. प्रत्येकात एक दिवा, एक टिकटिक. प्रत्येक सर्किट शेजारच्याला बारीक तारेने जोडलेलं.

"सुरुवातीला प्रत्येकाची चाल वेगळी होती," ते म्हणाले. "नुसती तार जोडली, आणि हळूहळू सगळी एका ठेक्यात आली. मी बोटही लावलं नाही. रोज चार तास समोर बसून फक्त पाहिलं. ना हवं, ना नको. यालाच साक्षीभाव म्हणतात ना?"

"म्हणतात खरं."

"मग?"

"हात दे बघू."

आक्कांनी त्यांची नाडी धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने जमिनीवर तिचे ठोके देऊ लागल्या.

टक... टक... टक...

मी कान देऊन ऐकलं. ठोके आणि फळीवरची टिकटिक यांत केसाचंही अंतर नव्हतं.

"योगायोग आहे हो," विश्वंभर हसले. "पळून येतो, मग बघा."

अंगणाला पाच फेऱ्या मारून ते धापा टाकत परतले. पुन्हा हात पुढे केला. श्वास चांगलाच वाढला होता. नाडी मात्र तीच.

टक... टक... टक...

आता ते हसले नाहीत.

आक्कांनी चाचपत पहिल्या सर्किटवर बोट टेकवलं आणि लगेच उचललं.

पहिला दिवा अडखळला. मग दुसरा. मग तिसरा. ती अडखळ ओळीतून सरकत सरकत चोविसाव्यापर्यंत गेली. तिथे तार संपत होती.

पुढच्याच क्षणी विश्वंभर छाती धरून मटकन खाली बसले.

"चुकला," ते पुटपुटले. "एक ठोका चुकला..."

खोटं कशाला बोलू, मी फळीपासून दोन हात मागे सरकलो.

विश्वंभरांनी फळीच्या कडेच्या बटणाकडे झेप घेतली. त्यावर बोट ठेवलं... आणि ते तसंच राहिलं.

दिवे लागत होते, विझत होते.

"बंद करू, आक्का?" त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "की... नको?"

आक्कांनी टिकटिकीकडे कान लावला.

"ते मागाहून बघू," त्या म्हणाल्या. "आधी हे सांग, या ओळीत तू कितवा?"