सरूचं माप

वेणवती नदीला पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. शहर दोन काठांवर वसलेलं, इकडे कसबा, तिकडे पेठ, आणि मधे कमरेएवढं पाणी. पूल बांधायला शिदोजी पाथरवट आला. पण छिन्नी हाती घेण्याआधी तो गाठी मारलेली सुतळी घेऊन दारोदार हिंडू लागला. कुणाची उंची मापायचा, तर कुणा म्हाताऱ्याचं पाऊल.

आता काम नदीचं आणि हा मापतोय माणसं! सरू कुंभारीण गल्लीभर सांगत सुटली, "पुलाला माणूस लागतो, बायांनो. ज्याचं माप जमलं, तो गेला दगडाखाली." लोकांना पटलं. असं म्हणतात, सरूने त्या सुतळीला आपली सावलीसुद्धा शिवू दिली नाही.

पूल झाला. चढण सोपी, कठडा म्हाताऱ्याच्या हाताशी येणारा. तरी कोणी पाऊल टाकीना. पहिला जाईल त्याला पूल गिळणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. शिदोजी रोज ये-जा करी, तर लोक म्हणत, "त्याचं काय, पूलच त्याचा."

मग पूर आला आणि नेमकी तेव्हाच पेठेत सरूची लेक बाळंतपणात अडली. शेगडी, गोवऱ्या, डिंक असं सगळं टोपलीत घालून सरू पुलाशी आली. भीतीने तिचा जीव अर्धा झाला होता. "खरं सांग पाथरवटा, कुणाला पुरलंस?"

"पलीकडे जाऊन ये, मग सांगतो."

पुलाच्या मध्यावर तिची मान दुखून आली. टोपली खाली ठेवावी, तर पुन्हा डोक्यावर द्यायला कोण होतं? इतक्यात कठड्यातला एक उंच दगड तिला दिसला. न वाकता तिने टोपली त्यावर सरकवली. बोटभरही कमीजास्त नव्हतं. सरूच्या अंगावर काटा आला, कारण माप तर तिने दिलंच नव्हतं. दम घेऊन तिने टोपली पुन्हा डोक्यावर ओढली. ती वेळेवर पोचली, आणि लेक-नातू दोघं वाचली.

परत येऊन तिने विचारलं, "माझं माप कुठनं चोरलंस?"

"काठावरच्या चिंचेच्या बेचक्यात रोज टोपली टेकवतेस ना? मी चिंच मापली, बाई."

दुसऱ्या दिवशी सगळं शहर पुलावर होतं. असं म्हणतात, त्या दगडाशी उंच उभा राहो की बुटका, दगड त्याच्याच उंचीला येतो.

आजही तिथे नवा रस्ता किंवा पूल काढायचा झाला, की नकाशा घेऊन आलेल्या साहेबाच्या हातात लोक आधी गाठींची सुतळी देतात. आणि गर्दीतली सगळ्यात कुरकुर करणारी बाई मागून विचारतेच, "सरूचं माप घेतलंत का?"