तिसऱ्या वळणावरचा धूर

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी, जिथे मार्गशीर्षातलं धुकं दुपारपर्यंत उठत नाही, तिथे एक वृद्ध कारागीर मोटारी दुरुस्त करीत असे. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याच्याकडे शिकणारी मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेऊन आली होती आणि त्याच्या संथपणाचा तिला मनस्वी कंटाळा होता. पाना उचलण्याआधी हा माणूस चहा का संपवतो, हे तिला कळत नसे.

एके सकाळी धुक्यातून एक टर्बोची गाडी खोकत आली. एका गृहस्थाने ती महिन्यापूर्वी जुनीच विकत घेतली होती. मागे त्याची पत्नी शाल पांघरून बसली होती. घाटापलीकडच्या इस्पितळात आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस होई, आणि त्यांच्या वस्तीवर दुसरी गाडी नव्हती.

"चढावर दमच धरत नाही," गृहस्थ म्हणाला. "मागून काळाकुट्ट धूर. काल अर्ध्या घाटातून परतलो, हिचं डायलिसिस चुकलं. आज चुकून चालणार नाही."

मुलीने गाडीला तपासणीचं यंत्र जोडलं. रबरी पाइप डोळ्यांखालून घातले. सगळे धड दिसले. "हवेचा दाब कमी दाखवतोय. म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा टर्बो गेला. नवा यायला आठ दिवस."

गृहस्थ मागच्या दाराशी गेला. त्याने पत्नीची शाल नीट केली.

उस्तादाने चहाचा पेला खाली ठेवला. "धूर सुरू कुठे होतो?"

"तिसऱ्या वळणापासून. सपाटीवर काहीच नसतं."

"सपाटीवर ही गाडी आणि मी, दोघीही ठणठणीत असतो," मागून पत्नी म्हणाली.

उस्ताद हसला, आत गेला आणि पितळी वाटीत रिठ्याचं पाणी घुसळत बाहेर आला.

"उस्ताद, गाडी धुवायची नाहीये," मुलगी म्हणाली. "यांना आज पोचायचंय."

"म्हणूनच तर," तो म्हणाला. बंद इंजिनाची हवा घेणारी नळी त्याने भोक पाडलेल्या बुचाने बुजवली, त्या भोकातून चाकांत भरायची हवा हळूहळू आत सोडली, आणि टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपांना लहान मुलाला न्हाऊ घालावं तसा फेस चोळला.

सगळे पाहत राहिले. मग एका पाइपाच्या पोटाखालून एक बुडबुडा फुगला, सुटला आणि सावकाश धुक्यात निघून गेला. त्यामागे दुसरा. त्यामागे पुष्कळ. पत्नीने काच खाली करून हात बाहेर काढला. एक बुडबुडा क्षणभर तिच्या बोटावर टेकला.

"हा पाइप मी पाहिला होता," मुलगी हळूच म्हणाली.

"निवांत असताना पाहिलास," उस्ताद म्हणाला. "तेव्हा चीर मिटलेली असते. चढ लागला, आतला दाब वाढला, की ती उघडते. टर्बो बिचारा जीव तोडून हवा देतो, ती वाटेतच सांडते. इंधन मात्र ठरलेलं येतच राहतं. त्याला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून ते धुमसतं. यंत्र खोटं बोललं नाही, पोरी. दाब कमी आहे एवढंच ते म्हणालं. टर्बो गेला, हे तू म्हणालीस." त्याने बोटांवरचा फेस पुसला. "तूही धुमसतेस कधीकधी. तुझी हवा कुठे सांडते, हे मी दोन वर्षांत विचारलं नाही. ती चूक माझी."

भंगारात काढलेल्या तसल्याच एका गाडीचा पाइप मुलीने फळीवरून आणला, फेस लावून तपासला आणि स्वतः बसवला. मग तीच चालवायला बसली.

तिसऱ्या वळणावर तिने पाय दाबला. गाडी मुकाट वर चढली. मागे पत्नीचा डोळा लागला होता. मुलीने आरशात पाहिलं. मागे नुसतं पांढरं धुकं होतं.

कुणी धुमसताना दिसलं, तर त्याला कोणता चढ लागलाय, हे आधी विचारावं.