दोरकड्यावरचे उघडे हात

इथून पुढे जरा जपून या. चप्पल काढा, कातळ गुळगुळीत आहे. हे तांबडे हात दिसतात ना, ते पाहून पाहुणे लगेच आपला पंजा त्यावर ठेवायला जातात. तेवढे करू नका. हे हात उमटवलेले नाहीत, काढलेले आहेत. प्रत्येक हात उघडा आहे आणि प्रत्येकावर ठिपके आहेत. पलीकडे कडा तुटतो. खाली आग्या मोहोळे लटकतात, त्यांचा आवाज इथवर येतो.

आमच्या वाडीचा पूर्वी मधावरच संसार चाले. मध द्यायचा आणि खालच्या गावांतून नाचणी-तांदूळ आणायचा. वैशाखात माणूस दोराने कड्यावर उतरे आणि वर दोर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावाने. दुसऱ्या कुणाला तो मान नाही. बहिणीचे कुंकू भाऊ हातातून जाऊ देणार नाही, हा त्यातला हिशेब.

असे सांगतात, की कोंडू नावाच्या तरुणाने थोरल्या बहिणीच्या, ठकीच्या नवऱ्याचा, लहानूचा दोर धरला होता. मोहोळ उठले, माश्या वर आल्या आणि लहानू दोरासकट दरीत गेला. म्हाताऱ्यांनी ठरवून टाकले, की दोर दगडाच्या धारेवर तुटला. दोर त्यांनी न पाहताच चितेवर ठेवला. कड्यावरून पडलेल्याचे नाव घ्यायचे नाही, घेतले तर तो पुढच्या दोराला लोंबकळतो, अशी तेव्हा समजूत होती. त्यामुळे त्या दिवसाबद्दल वाडीत कुणी अवाक्षर काढले नाही. ठकीसुद्धा मुकी झाली.

कोंडूचे हात तेव्हापासून कापू लागले. पाण्याचा तांब्या धरवेना. बैलाचे दावे दिसले तरी त्याला दरदरून घाम फुटे. डोळा लागला, की तळहातांतून दोर सरकायचा आणि तो ओरडत उठायचा. वर्ष सरत आले तशी भीती दुप्पट झाली, कारण आता उतरायची पाळी धाकट्या चिमीच्या नवऱ्याची, बुधाची होती. दोन्ही बहिणींना भाऊ एकच. घरातली नाचणी संपत आलेली. दोर कोंडूनेच धरायचा आणि त्याचे हात तर भाकरीसुद्धा मोडत नव्हते.

भीती मोडावी म्हणून तो दिवसाउजेडी एकटाच इथे येऊन बसू लागला. काठापाशी जायची छाती होईना. अशाच एका दुपारी हाताला चाळा म्हणून त्याने कावेचा, म्हणजे तांबड्या मातीचा खडा उचलला आणि कातळावर ओढला. रेघ वेडीवाकडी आली. त्याने ती पुन्हा ओढली. कडा काढला, मोहोळे काढली, वरून सुटलेला दोर काढला आणि दोराला लटकलेला माणूस काढला. पडलेल्याचे चित्र काढणे म्हणजे नाव घेण्याहून वाईट, हे त्याला कळत होते. पण खडा चालत होता तोवर हात कापत नव्हता, म्हणून त्याला थांबवेना. त्या संध्याकाळी तो म्हणे पोटभर जेवला.

मग तो रोज येई आणि तेच चित्र काढी. दोराचे वरचे टोक मात्र रिकामे सोडी. तिथवर आले, की हात पुन्हा लटपटू लागत.

ठकी एकदा त्याच्या मागोमाग आली. काव पाण्यात कालवून तो काढत बसला होता. तिने सगळी चित्रे पाहिली.

"वर कुणी धरलाय दोर?" तिने विचारले.

बोट कावेत बुडवून कोंडूने दोन हात काढले. बोटे पसरलेली, तळवे उघडे.

"तुटला न्हाई, अक्का," तो म्हणाला. "म्या सोडला. माश्या डोळ्यांत गेल्या, तोंडात गेल्या, अन् म्या सोडला."

ठकी काठापाशीच उभी होती. ती आता आपल्याला ढकलणार किंवा स्वतः उडी घेणार, असे त्याला वाटले. तो बसल्या जागी डोळे मिटून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने पाहिले, तर ती त्याच्या शेजारी बसून ओल्या कावेने त्या हातांवर ठिपके देत होती. बोटांवर दिले, तळव्यांवर दिले.

"अशा व्हत्या?"

"लई व्हत्या."

ती देतच राहिली. हात दिसेनासे झाले, तेव्हा तिने नवऱ्याचे नाव घेऊन हंबरडा फोडला. वर्षभराचे रडणे होते ते. माफ केले असे काही ती बोलली नाही, आणि पुढेही कधी बोलली नाही, असे सांगतात.

मध काढायच्या दिवशी कोंडूने बुधाला आधी या कातळापुढे आणले आणि सगळे सांगितले. दोर तसाच ठेवून बुधा बराच वेळ त्या हातांकडे बघत बसला. शेवटी त्याने दोर कमरेला बांधला. ठकीने ओली घोंगडी आणून भावाच्या डोक्यावरून हातांपर्यंत ओढली आणि ती तिथून हलली नाही. माश्या आल्याच. घोंगडीखाली कोंडू गुरासारखा ओरडत होता आणि त्याचे हात लटलटत होते, पण दोर सुटला नाही. बुधा मधाची घागर घेऊन वर आला.

आजही वैशाखात आमची पोरे उतरतात. आता पोशाख आहेत, नायलॉनचा दोर आहे. तरी दोर धरणारा आधी इथे बसून आपले उघडे हात काढतो आणि त्याची बहीण त्यावर ठिपके देते. उतरणाऱ्याने ते समोर बसून पाहायचे असतात. कधी एखादा पाहतो आणि मुकाट्याने उठून घरी जातो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. बाकीचे उठतात आणि दोर बांधून घेतात.