वाण्याची राखण

एका फणसाच्या बुंध्याशी, दगडाखाली, एक गोम राहत होती. विषारी आणि तापट. सगळे किडे तिला टरकून असत. पण त्या पावसाळ्यात तिने अंडी घातली आणि बाई जागची हलेना. गोमीची रीतच तशी. अंड्यांभोवती अंगाचं वेटोळं घालायचं, बुरशी धरू नये म्हणून एकेक अंडं चाटत राहायचं, आणि पिल्लं निघेपर्यंत उपाशी बसायचं.

शेजारच्या पाचोळ्यात एक वाणी राहायचा. वाणी म्हणजे तोच किडा, बोट लावलं की गुंडाळी होऊन पडणारा. स्वारी तशी गरीब, पण बढाईखोर. गोमीपेक्षा आपल्याला पाय जास्त, हे तो दिवसातून दहादा ऐकवायचा.

पुढे पावसाने दडी मारली. तहानेने गोमीचा जीव कासावीस झाला. तिने वाण्याला विनवलं, की ओहोळावर जाऊन येते, तेवढी अंड्यांवर नजर ठेव. वाण्याने मोठ्या ऐटीत हो म्हटलं.

गोम गेली आणि थोड्या वेळाने मुंग्यांची रांग आली. आता वाण्याच्या अंगाला असा उग्र दर्प असतो, की मुंग्या जवळ फिरकत नाहीत. नुसता वाटेत आडवा पडला असता तरी भागलं असतं. पण पहिल्या मुंगीचा धक्का लागला मात्र, गडी गुंडाळी होऊन कोपऱ्यात घरंगळला. त्याने अंग मोकळं केलं तेव्हा तीनच अंडी उरली होती.

गोम परतली. वाण्याने ठोकून दिलं, की शंभर मुंग्या आल्या, जिवावर उदार होऊन लढलो, तेव्हा कुठे एवढी वाचली. गोम खूप रडली. मग म्हणाली, “दादा, तुला कुठे लागलं तर नाही ना?”

वाण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती कडकडून चावली असती तरी परवडलं असतं. त्याने खालमानेने सगळं खरं सांगून टाकलं.

उरलेल्या तीन अंड्यांभोवती गोमीने वेटोळं घातलं. “वेटोळं मीही घालते रे,” ती म्हणाली. “पण माझ्या वेटोळ्यात अंडी असतात. तुझ्यात तू एकटाच होतास.”

त्यानंतर गोम पाण्याला गेली नाही. ऊन वाढत होतं, ती सुकत चालली होती. वाणी दगडाबाहेरून बघायचा. तू जा, मी बसतो, असं रोज त्याच्या ओठांवर यायचं. पण कोणत्या तोंडाने म्हणणार? तो मुकाट्याने पाचोळ्यात शिरायचा.

तात्पर्य एवढंच, की दुसऱ्याची राखण पत्करली तर अंग चोरू नये. एकदा विश्वास गेला, की मदत करायचीसुद्धा लाज वाटते.