हॅलेर्बीचे बैल

स्वीडनमधल्या हॅलेर्बी गावच्या दगडी चर्चचा मनोरा छपरापाशी येऊन अर्धवटच थांबतो, आणि घंटा असते दोनशे पावलांवर, उंच खडकावर, लाकडी मांडवात. "मनोऱ्यावर वीज पडली का?" असं पाहुण्यांनी विचारलं की घंटा वाजवणारा म्हातारा अल्गोट कपाळाला हात लावतो. "वीज कसली! बैल!"

सातशे वर्षांमागची गोष्ट सांगतात. तळ्यावरच्या धुक्यात काठ न सापडून बोटविड गवंड्याचा भाऊ बुडाला. तेव्हा बोटविडनं शपथ घेतली, की तिसऱ्या हिवाळ्याआधी इथं घंटा वाजेल आणि पुन्हा कुणाची होडी भरकटणार नाही. चर्च खडकावर बांधू, असं तो जीव तोडून सांगत होता. पण गावची रीत अशी, की पहिला दगड बैलगाडीत ठेवायचा आणि बैल आपणहून थांबतील तीच देवाची जागा मानायची. बैल थांबले ते थेट पाणथळीत, कोवळ्या गवतापाशी.

"अहो, ते चरायला थांबलेत!" बोटविड ओरडला.

"बैलांपेक्षा तू शहाणा?" गावप्रमुख होल्मगेर म्हणाले.

झालं, पालथ्या घड्यावर पाणी. भिंती कशाबशा उभ्या राहिल्या, पण मनोरा छपराच्या वर चढवला की खचायचा. एकदा, दोनदा, तीनदा. दगड उतरवताना बोटविडला रडू यायचं म्हणे. थकव्यानं नव्हे, संतापानं. तिसरा हिवाळा तोंडावर आला, मनोऱ्यासाठी आणलेली घंटा अजून खाली चिखलातच पडलेली, आणि होल्मगेर म्हणतात, चौथ्यांदा चढव.

एके दिवशी भर दुपारी धुकं उतरलं. होल्मगेरांचीच होडी तळ्यात होती. बोटविडनं घंटा ओढत गाडीत घातली, तेच बैल जुंपले आणि गवताची पेंढी त्यांच्या नाकासमोर धरून खडक चढला. झाडाला घंटा टांगून तो ती बडवत सुटला. तासाभरानं आवाजाच्या रोखानं होडी काठाला लागली.

होल्मगेर ओल्या पायांनी वर आले. आता तरी म्हणतील, तुझं खरं होतं, असं बोटविडला वाटलं. होल्मगेरांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. "पाहिलंस? घंटेची जागासुद्धा यांनीच दाखवली!" आणि चर्चच्या दारावर बैल कोरायचं काम बोटविडलाच सांगितलं.

त्यानं ते मुकाट्यानं केलं. आजही दारावर ते दोन बैल आहेत. बोटविडचं नाव कुठंच नाही. फक्त बैलांच्या तोंडापुढे एक हात कोरलेला आहे, आणि त्या हातात गवताची पेंढी. तो कुणाचा हात, हे अल्गोट सांगून सांगून थकला. गावात विचाराल तर म्हणतात, देवाचा.